नाखवा सिस्टर आणि गाववार तक्ता

नाखवा सिस्टरांना मी आवडत नव्हतो आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. मलाही त्या आवडत नव्हत्या, पण मी ते लपवत असे, कारण मी कार्यालयात बसणारा माणूस आणि आम्हाला तशी सवय असते. सात वर्षं दर महिन्याला आमची गाठ पडली. त्या सात वर्षांत त्यांनी मला एकदाही चहा विचारला नाही. शिपाई चहा घेऊन आला की त्या स्वतःचा कप उचलायच्या आणि म्हणायच्या, "गुरव निघालेत." मी निघालेला नसायचो.

समुद्रकाठच्या एका तालुक्यात मी आरोग्य कार्यालयात सांख्यिकी सहायक होतो. जन्म, मृत्यू, लसीकरण, बाळंतपणं, नसबंदी आणि गर्भपात यांचे आकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे यायचे. मी ते जुळवून जिल्ह्याला पाठवायचो, जिल्ह्याकडून ते राज्याला जायचे, आणि वर्षअखेर राज्याचा रंगीत अहवाल निघायचा. त्यात गर्भपातांचं एक पान असायचं. काही वर्षांची एक रेघ, वर जाणारी किंवा खाली येणारी, आणि तिच्याखाली 'कल घटता आहे' असं काहीतरी एक वाक्य. ते पान मी प्रत्येक वर्षी उघडून बघायचो. त्या रेघेत आमचा तालुका धुळीच्या कणाएवढा होता, पण तो कण मी घातलेला होता, याचा मला अभिमान वाटायचा.

तो कण नाखवा सिस्टरांच्या कपाटातून यायचा. आमच्या ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताच्या नोंदींचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात होतं. कायद्याने ते गोपनीय असतं. बाईचं नाव फक्त त्या एका रजिस्टरात, बाकी सगळ्या कागदांवर नुसता अनुक्रमांक. हा नियम बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या फलकावर असतो. सिस्टरांच्या बाबतीत तो त्यांच्या अंगात होता.

त्या ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, चालताना चपला घासणाऱ्या. कोळीवाड्यात वाढलेल्या, त्यामुळे आवाज एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारावी असा. वॉर्डात त्या बोलल्या की औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचं. पण समोर गर्भपातासाठी आलेली बाई बसली आणि तिला नाव विचारायचं झालं, की हाच आवाज इतका खाली यायचा की शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मला फक्त ओठ हललेले दिसायचे.

म्हणून त्या प्रेमळ होत्या असं कुणी समजू नये. मी त्यांना एकदाही कुणाच्या पाठीवरून हात फिरवताना पाहिलं नाही. रडणाऱ्या बाईला त्या म्हणायच्या, "कुणी पाठवलं? कुणी न्हाय ना? तुझ्या मनानं आलीस ना? मग रडतेस कशाला. सही कर." रडणं थांबलं नाही तर कागद ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जा, बाहेर बाकावर बस. ठरलं की ये." मला ते निर्दयी वाटायचं. बाकावर जाऊन बसलेल्या काही बायका परत आत यायच्या आणि काही उठून घरी जायच्या, हेही मी पाहिलं होतं. पण त्यातून मी काही समजून घेतलं नाही.

पहिल्या भेटीत मी रजिस्टर तपासायला गेलो होतो. महिन्याचा आकडा आणि रजिस्टरातल्या ओळी जुळतात का, एवढंच बघायचं होतं. सिस्टरांनी कपाट उघडलं, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि खणातून जुन्या एक्सरेची कापलेली काळी पट्टी काढली. ती नावांच्या रकान्यावर बरोबर बसत होती. तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"आकडा पायजे ना? मोज."

मी मोजलं. मग म्हणालो, "सिस्टर, पानाचा एक फोटो घेतो. साहेबांना दाखवायला."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, त्या पट्टी सरळ करतायत. त्यांनी माझा मोबाईल काढून घेतला, इंजेक्शनच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवला आणि वर झाकण घातलं.

"जाताना ने," त्या म्हणाल्या. "आणि साहेबांना दाखवायला काय पायजेच असेल तर तुझा स्वतःचा फोटो दाखव."

आणखी एक प्रसंग. मी आकडे जुळवत बसलो असताना एक गृहस्थ हातात हेल्मेट घेऊन आत आले. त्यांनी आपल्या बायकोचं नाव सांगितलं आणि ती काल इथं आली होती का, असं विचारलं. सिस्टरांनी बाह्यरुग्ण विभागाचे कागद काढले आणि एकेक सावकाश उलटला.

"आलती. खोकल्याचं औषध नेलं."

"मला वेगळं कळलंय."

"तुम्हाला कळलंय तर मला कशाला इचारता?"

"मी नवरा आहे तिचा. माझी सही न घेता तुम्ही…"

"सही बाईची लागते. कायदा वाचा, बाहेर लावलाय, मोठ्या अक्षरात हाय. आणि नवरा हायत तर घरी जाऊन तिला इचारा. मी परकी बाई, मला काय ठाव."

गृहस्थ तक्रार करीन असं म्हणाले आणि गेले. सिस्टरांनी कागद परत दोरीने बांधले.

मी म्हणालो, "सिस्टर, सरळ खोटं बोललात."

"खोकला होताच तिला," त्या म्हणाल्या.

आमचं खरं वाकडं आलं ते आढावा बैठकीत. त्या वर्षी राज्याची रेघ खाली येत होती आणि आमच्या तालुक्याची वर चालली होती. साहेबांना, म्हणजे आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्ह्याला उत्तर द्यायचं होतं. त्यांनी सिस्टरांना उभं केलं.

"राज्याचा कल घटता, आपला वाढता. का?"

"शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरबाई बदलून गेल्या," सिस्टर म्हणाल्या. "तिथल्या बाया येष्टीनं माझ्याकडं येतात. तिकडचा आकडा पडला, इकडचा चढला. बाया हायत तेवढ्याच हायत."

"ते तालुक्याचं झालं. राज्याचा का घटतोय मग?"

"राज्याचं मला काय ठाव, साहेब. मेडिकलमधनं गोळ्या आणून बाईनं घरात खाल्ल्या तर ती कुठल्या रकान्यात जाते, ते या गुरवला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "त्याला रकाना नाही, साहेब."

"रकाना न्हाय म्हंजे बाई न्हाय," सिस्टर म्हणाल्या. मागच्या खुर्च्यांवर हशा झाला. त्या बसल्या नाहीत. "आणि बाजारातल्या खासगी दवाखान्याचा दर महिन्याला निरंक येतो. बाहेर रिक्षा लागलेल्या असतात सकाळपासनं. गुरव कधी आत जाऊन बघून आलाय का, तेवढं इचारा."

मी गेलो नव्हतो. 'निरंक' म्हणजे काही नाही. कागदावर निरंक आलं की काम कमी होतं. मी ते दर महिन्याला तसंच पुढे ढकलत होतो. त्या दिवशी माझी मान खाली गेली आणि मनात एक गाठ बसली. या बाईला एकदा तरी दाखवून द्यायचं, असं मी ठरवलं. काय दाखवायचं, ते मला माहीत नव्हतं.

संधी लवकर आली. बारा आठवड्यांवरचे गर्भपात कुठे वाढतायत ते शोधा, अशी वरून सूचना आली. गर्भलिंग तपासणी करून मुली काढल्या जातायत का, हा संशय होता आणि तो चुकीचा नव्हता. साहेब म्हणाले, गाववार तक्ता करा. मी सिस्टरांना फोन केला.

"गाववार कशाला?"

"कुठल्या गावातून जास्त येतात ते बघायचंय. नावं नकोत. गाव, वयोगट, लग्न झालंय का, आठवडे. बस."

"गुरव, चाळीस घरांच्या गावात एक बाई लिहिलीस, तर नाव लिहायचं काय ऱ्हायलं?"

"आकडा तो आकडा असतो, सिस्टर."

"पत्र आण."

"पत्र मागाहून पाठवतो. साहेबांनी सांगितलंय."

पत्र मागाहून. आमच्या खात्यात निम्मं काम या दोन शब्दांवर चालतं. फोनवर माहिती घ्यायची, लेखी मागणी नंतर पाठवायची, आणि नंतर कुणाला आठवत नाही. सिस्टरांना हे माहीत होतं. तरी दोन दिवसांनी त्यांनी बंद पाकीट पाठवलं. मी साहेबांचं नाव घेतलं होतं, आणि मुली काढणाऱ्यांवर सिस्टरांचा राग माझ्यापेक्षा जास्त होता. पाकिटावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'जिथे एकच आहे तिथे गावाचे नाव घालू नये. गावे एकत्र करावी.'

हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण ते एका नर्सने मला लाल पेनाने शिकवावं, हे मला सोसलं नाही. मी गावं एकत्र केली नाहीत. प्रत्येक गावाची वेगळी ओळ केली आणि बारा आठवड्यांवरच्या चौकटी लाल रंगाने भरल्या. तक्ता देखणा झाला होता.

साहेब बघून म्हणाले, "छान. ग्रुपवर टाक." व्हॉट्सॲपवर आमचे दोन ग्रुप होते. एक फक्त कर्मचाऱ्यांचा. दुसरा लसीकरणाच्या मोहिमेत केलेला, त्यात सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, आशाताई, सगळे होते. कुठला, ते साहेबांनी सांगितलं नाही. मी मोठा निवडला. चुकून नाही. इतक्या लोकांना माझं काम दिसेल, म्हणून निवडला.

अर्ध्या तासात सिस्टरांचा फोन आला.

"काढ ते."

"काय काढू?"

"काढ म्हणते ते, गुरव."

मी जेवायला बसलो होतो. हे लिहायला हवं. मी जेवण संपवलं, हात धुतले आणि मग काढलं. तोवर तक्ता पुढे गेला होता.

त्या तक्त्यात समुद्रालगतच्या एका छोट्या गावाची ओळ होती. वय वीस ते चोवीस, अविवाहित, बारा आठवड्यांवर, एक. त्या गावात त्या वयाच्या, लग्न न झालेल्या मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यांतली एकच त्या महिन्यात दोन दिवस आईबरोबर मावशीकडे गेली होती. पर्यटकांसाठीच्या एका घरगुती लॉजमध्ये ती कामाला होती आणि तिचा साखरपुडा झालेला होता. संध्याकाळपर्यंत गावाने हिशेब जुळवला. त्यासाठी माझ्यासारख्या सांख्यिकी सहायकाची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी मुलाकडच्यांनी अंगठी परत मागितली. लॉजच्या मालकिणीने कामावर येऊ नको म्हणून निरोप धाडला. बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, त्याला बोटीवर इतकं ऐकवलं गेलं की तो आठवडाभर घराबाहेर पडला नाही. मुलगी एका सकाळी पहिल्या एसटीने गेली ती परत आली नाही. हे मला त्या गावच्या आशाताईंनी सांगितलं. मुलीचं नाव मला चहाच्या टपरीवर कळलं. मी न विचारता.

गर्भलिंग तपासणीशी तिचा काही संबंध नव्हता. ती इतक्या उशिरा आली, कारण तिला आधी कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. सिस्टरांनी तिला सांगितलं होतं की तुझं नाव या कपाटातून बाहेर जाणार न्हाय. हे मला पुढे त्यांच्या मदतनीस बाईंकडून समजलं.

चौकशीला जिल्ह्याहून दोघे जण आले. रुग्णालयातून गाववार माहिती बाहेर कशी गेली, असा प्रश्न होता. साहेबांनी सांगितलं की आपण फक्त एकत्रित आकडा मागितला होता, आणि ग्रुपवर टाक म्हणालो ते कर्मचाऱ्यांच्या. मला विचारलं, "तुम्ही लेखी मागणी केली होती का?"

"नक्की आठवत नाही," मी म्हणालो. "बहुधा सिस्टरांनी स्वतःहून पाठवली."

सिस्टर समोरच्या खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, "पाकीट दाखवा. पाकिटावर लिहिलंय मी."

"पाकीट ठेवलेलं नाही," मी म्हणालो.

ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं. चौकशी झाल्यावर मी ते फाडलं आणि तुकडे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या गरजतील, औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल. पण कुणी काय विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर, "रजिस्टर कुलपात हाय." शेवटी चुकीच्या ग्रुपबद्दल मला तोंडी समज मिळाली आणि सिस्टरांना लेखी ताकीद. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना त्यांची बदली डोंगराकडच्या एका उपकेंद्रावर झाली. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. जाण्याआधी त्या माझ्या कार्यालयात आल्या, कपाटाच्या चावीची पोच लिहून मागितली, तिच्यावर माझी आणि साहेबांची सही घेतली आणि गेल्या.

त्यानंतर आमच्या रुग्णालयात बाया येईनाशा झाल्या. नव्या सिस्टर चांगल्या होत्या, रजिस्टर नीट ठेवत होत्या, पण ते भरत नव्हतं. तिथं गेलं की मोबाईलवर येतं, अशी बोलवा किनाऱ्यावरच्या गावांतून पसरली होती. नव्या सिस्टरांनी एकदा मला सांगितलं, "येतात, सर. गोळ्या खाऊन चार-चार दिवस रक्त गेलं की मग येतात." त्या बायकांचा आकडा गर्भपाताच्या रकान्यात पडत नाही, तो दुसरीकडे जातो. वर्षअखेर आमच्या तालुक्याची रेघ राज्याच्या रेघेसारखी खाली आली. बैठकीत साहेबांनी अभिनंदन केलं. अहवालासाठी दोन ओळींचं स्पष्टीकरण हवं होतं. 'जनजागृतीमुळे कल घटता आहे,' असं मी लिहिलं.

आता राज्याचं ते पान उघडलं की मला रेघ दिसत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. रेघ दिसते. पण ती जिथे जिथे खाली वळते तिथे तिथे वाटतं, कुठल्या तालुक्यात कुणी काय केलं असेल.

गेल्या हिवाळ्यात मी सिस्टरांकडे गेलो. त्या भावाकडे राहत होत्या, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात. वाळूवर जाळं अंथरून त्या जवळा सुकत घालत होत्या. हातात काठी होती, कावळ्यांसाठी. मी जाळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"सिस्टर, मी गुरव."

"दिसतंय मला."

मी सगळं सांगितलं. पाकीट खणात होतं, मी ते फाडलं, मी चौकशीत खोटं बोललो. त्या वाकून जवळा पसरत राहिल्या.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"भांडले असते तर परत सगळं कागदावर चढलं असतं. गाव, वय, आठवडे. तू म्हणणार हे, मी म्हणणार ते, आणि दर पानावर ती पोर. गप बसले म्हणून फाईल दोन पानांत मिटली."

"मी आता लेखी द्यायला तयार आहे. तुमच्यावरची ताकीद निघेल."

"आणि फाईल उघडंल." त्या पहिल्यांदा सरळ उभ्या राहिल्या. "न्हाय द्यायचं. ऐकलंस? माझ्या नावावर काय चढलंय ते चढू दे."

म्हणून मी लेखी दिलं नाही. इथे लिहितोय, पण गाव लिहिलं नाही, तालुकाही नाही, आणि नाखवा हे त्यांचं आडनाव नव्हे.

मग ज्यासाठी खरं आलो होतो ते विचारलं. "ती मुलगी कुठे असते आता?"

"तुला कशाला?"

"माफी मागावी म्हणतो."

"तिच्या दारात जाऊन सांगणार? मी तो तक्तेवाला म्हणून? घरातली माणसं इचारतील, कसला तक्ता. मग?"

"पत्ता नको," मी म्हणालो. "बरी आहे का, एवढंच सांगा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना माहीत होतं. त्या मुलीची खबर त्यांनी ठेवली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"सांगितलं तर तुला झोप लागंल?"

मी खरं ते बोललो. "हो."

"मग न्हाय सांगत," त्या म्हणाल्या.

एक कावळा उतरला. त्यांनी काठी आपटली, तो उडाला. मग मला म्हणाल्या, "सरक तिकडं. सावली पडते."

मी सरकलो. जाळ्याच्या ज्या कोपऱ्यावर माझी सावली होती, तिथे त्यांनी टोपलीतला उरलेला जवळा ओतला आणि हाताने सारखा केला.